तानपुऱ्याचं मॉडेल दोन मिनिटांनी किंचाळतं, पंचम सरकतो, वरचे सूर लगेच मरतात: कारण एकच, लूप उघडून बघा

ज्यांनी कोणी तारवाद्याचं मॉडेल स्वतः कोड करून बघितलंय त्यांना यातलं एक तरी लक्षण नक्की भेटलं असणार. आवाज सुरुवातीला छान येतो आणि दीड-दोन मिनिटांनी कुठूनतरी बारीक शिट्टी सुरू होते, ती वाढत जाते आणि शेवटी स्पीकर फाटल्यासारखा आवाज होऊन सगळं ठप्प. किंवा षड्ज बरोबर लागतो पण पंचम त्याच्याशी मिळत नाही. किंवा खालची तार दहा-बारा सेकंद वाजते आणि त्याच सेटिंगवर वरची तार दीड सेकंदात संपते. मला ही तिन्ही आली, एक बुजवलं की दुसरं उघडायचं, असं बरेच महिने चाललं. मग लक्षात आलं की हे तीन वेगळे बग नाहीतच, एकाच फीडबॅक लूपच्या तीन तक्रारी आहेत, आणि हा लूप बघायची रीत कंट्रोल सिस्टिम्सच्या विषयात आपण सगळे शिकलेलो असतो. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

सेटअप आधी सांगतो. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही, तारेचं गणित चालवायचं. पद्धत जुनी आहे, केव्हिन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली मांडलेली: एक डिले लाइन घ्यायची, म्हणजे आत टाकलेलं ठरावीक वेळाने बाहेर देणारी रांग, तिच्यात सुरुवातीला थोडा नॉइज भरायचा म्हणजे ती झाली छेड, मग बाहेर पडणारं प्रत्येक सँपल, म्हणजे आवाजाचा एकेक आकडा, एका छोट्या लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कमी करणाऱ्या) फिल्टरमधून काढून परत लाइनच्या तोंडाशी टाकायचं. तारेवरची लहर एका टोकाकडून दुसरीकडे जाते, आपटून परत येते, दर फेरीला थोडी ऊर्जा गमावते, तेच इथे होतं. डिले म्हणजे तारेची लांबी, फिल्टर म्हणजे तारेतला आणि घोडीवरचा लॉस. माझं सगळं ४४१०० सँपल रेटवर आहे आणि षड्ज काळी एक, म्हणजे १३८.५९ हर्ट्झ, कारण बाबांचा सूर तो आहे आणि हे सगळं त्यांच्या रियाझासाठीच चाललंय.

आधी शिट्टीचं बघू, कारण तीच सगळ्यात जास्त छळते.

मी नोकरीत प्रोसेस कंट्रोलवाला, लेव्हल, फ्लो, पीआयडी ट्यूनिंग हेच रोजचं. त्यामुळे डोक्यात बसलेलं असतं की लूप गेन (एका फेरीत लहर किती पट होते तो आकडा) १ च्या वर असला तरी चालतो, फेज मार्जिन (परत येणारी लहर निघालेल्या लहरीशी जुळण्यापासून किती अंश लांब आहे ते) असलं की झालं. प्लांटवर हे खरंच आहे, खालच्या फ्रिक्वेन्सीला गेन भरपूर ठेवतो आणि फेज १८० अंशांनी मागे पडायच्या आत गेन १ च्या खाली आणतो. तारेच्या लूपमध्ये हा विचार नेला की घात होतो. का, तर इथे डिले प्रचंड आहे, ३१८ सँपल, त्यामुळे दर १३८ हर्ट्झला फेज पूर्ण एक चक्कर मारते. ० ते २२०५० हर्ट्झ मध्ये अशा १५९ चकरा होतात, आणि प्रत्येक चकरेत एक जागा अशी येतेच जिथे परत आलेली लहर निघालेल्या लहरीशी बरोबर जुळते. तेच तर तारेचे स्वर आहेत, मूळ स्वर आणि त्याचे हार्मोनिक. म्हणजे फेज मार्जिन नावाची गोष्ट इथे मिळणारच नाही, फेज जुळणं हेच वाद्य आहे. नायक्विस्टने १९३२ साली फीडबॅक अॅम्प्लिफायरसाठी जी कसोटी दिली ती इथे लावली तर सरळ नियम हातात येतो: लूपमध्ये जे जे आहे त्याचा एकत्रित गेन कुठल्याही फ्रिक्वेन्सीला १ च्या वर जाता कामा नये. कुठल्याही म्हणजे कुठल्याही, जिथे ऐकू येत नाही तिथेसुद्धा.

आणि किती वर जातोय याला फार महत्त्व आहे. लूपमध्ये कुठेतरी नुसता ०.५ डेसिबलचा उंचवटा असेल तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो सेकंदाला १३८ वेळा लागतो, म्हणजे सेकंदाला ६९ डेसिबल. एका सेकंदात जवळजवळ ३००० पट. हे लगेच कळतं, छेडल्या छेडल्या फुटतं, त्यामुळे सापडतं पण लवकर. खरी पंचाईत बारीक उंचवट्याची आहे. गेन ०.००३५ डेसिबलने वर असेल तर सेकंदाला साधारण अर्धा डेसिबल वाढ, दोन मिनिटांत ५५ ते ६० डेसिबल. तुम्ही टेस्ट करताना वीस सेकंद ऐकता, खूश होता, आणि रियाझाला बसलेला माणूस दोन मिनिटांनी दचकतो.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, आणि गुन्हेगार निघाला डीसी ब्लॉकर, म्हणजे आवाजातला न हलणारा भाग (डीसी) काढून टाकणारा फिल्टर. डिले लाइनमध्ये भरलेल्या नॉइजची सरासरी शून्य नसली की तो डीसी लूपमध्ये फिरत राहतो, म्हणून नेहमीचा एक झीरो आणि एक पोल (फिल्टरचा स्वभाव ठरवणाऱ्या दोन जागा) असलेला ब्लॉकर मी लूपच्या आत टाकला होता, पोल ०.९९५ वर. आता हा ब्लॉकर जसा सगळीकडे लिहिलेला असतो तसा घेतला तर वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचा गेन १ नसतो, २ भागिले १.९९५ म्हणजे १.००२५ असतो. लूपच्या बाहेर याने काडीचा फरक पडत नाही. लूपच्या आत मात्र हिशेब असा झाला: तारेचा लॉस ०.९९९ ठेवलेला, कारण मला लांब घुमणारी आस हवी होती, लो-पास अगदी हलका म्हणजे आताच्या आणि मागच्या सँपलला ०.९५ आणि ०.०५ असं वजन देणारे दोन टॅप, कारण तानपुरा चमकदार हवा. १००० हर्ट्झला ब्लॉकर १.००१९, लो-पास ०.९९९५, लॉस ०.९९९. गुणाकार १.०००४. झालं. ७०० हर्ट्झला तोच गुणाकार जेमतेम १ वर येतो, १००० च्या आसपास शिखर आणि पुढे लो-पास हळूहळू खाली ओढतो. शिट्टी एक किलोहर्ट्झच्या आसपासच का येते याचं उत्तर या तीन आकड्यांत होतं आणि मी तोपर्यंत साउंड कार्ड, ड्रायव्हर, बफर साइज, सगळं बदलून बसलो होतो.

वर हा ब्लॉकर आत असला की सूरही बिघडवतो. त्याचा कॉर्नर (जिथून खाली तो कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) ३५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे १३८ हर्ट्झला तो १४ अंश फेज पुढे ढकलतो, मूळ स्वर जवळजवळ चार टक्के चढतो, आणि वरचे हार्मोनिक मात्र तेवढे चढत नाहीत. मी काय केलं तर डिले वाढवून मूळ स्वर कानाने परत खाली आणला, त्यामुळे हार्मोनिक उतरले आणि तार तारेसारखी वाटेनाशी झाली, पत्र्यासारखी वाजायला लागली. उपाय एकच: डीसी ब्लॉकर लूपच्या बाहेर काढा, आउटपुटला लावा. आणि छेडीचा नॉइज भरतानाच त्याची सरासरी वजा करा, मग आत डीसी जन्मालाच येत नाही.

आता लूप उघडून बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगतो, कारण हीच या पोस्टमधली कामाची गोष्ट आहे. मुख्य डिले लाइन बाजूला ठेवा. बाकी लूपमध्ये जे काही आहे, लॉस, लो-पास, फ्रॅक्शनल डिले (सँपलच्या अपूर्णांकाएवढा उशीर), बॉडी फिल्टर (वाद्याच्या खोक्याचा आवाज देणारा) आत टाकला असेल तर तो, हे सगळं ज्या क्रमाने कोडमध्ये आहे त्याच क्रमाने एकामागे एक ठेवून त्यातून एकच इम्पल्स सोडा. म्हणजे पहिलं सँपल १, बाकी सगळी शून्य. ६५५३६ सँपल जमा करा, एफएफटी घ्या, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा गेन वेगळा मिळतो, आणि त्याचा मॅग्निट्यूड प्लॉट करा. पायथनमध्ये चार ओळींचं काम आहे. पण प्लॉटचा उभा अक्ष ०.९९ ते १.०१ एवढाच ठेवा. मी पहिल्यांदा डेसिबलमध्ये उणे साठ ते शून्य असा प्लॉट काढला होता आणि त्यात सगळं सपाट आणि छान दिसत होतं, ०.०००४ चा उंचवटा त्या स्केलवर दिसणारच कसा. अक्ष आवळला आणि एक किलोहर्ट्झवरचा तो छोटासा डोंगर समोर आला. शिवाय नुसतं डोळ्यांनी बघू नका, कमाल किंमत छापून घ्या. ती १ च्या वर आली तर पुढे काही ऐकायची गरजच नाही, मॉडेल कधीतरी फुटणार असंच धरा.

याच प्लॉटने दुसरा एक चोर पकडला, तोही इथेच सांगतो. सूर नेमका लागावा म्हणून मी फ्रॅक्शनल डिलेसाठी तिसऱ्या ऑर्डरचं लाग्रांज इंटरपोलेशन वापरत होतो, म्हणजे शेजारच्या चार सँपलवरून मधली किंमत काढणारं चार टॅपचं फिल्टर. हे फिल्टर चांगलं आहे पण त्याला मधल्या घरात बसवावं लागतं, म्हणजे त्याच्याकडून मागितलेला डिले १ ते २ सँपलच्या मध्ये असला तर गेन कुठेच १ च्या वर जात नाही. मी वेंधळेपणाने पूर्णांक भाग मुख्य लाइनला देऊन उरलेला ० ते १ चा तुकडा थेट याला दिला होता. ०.५ मागितला तर ११०२५ हर्ट्झला याचा गेन १.०७५ होतो. माझा हलका लो-पास तिथे ०.९५१ देतो, लॉस ०.९९९ धरूनही गुणाकार १ च्या वरच. अकरा किलोहर्ट्झची शिट्टी, बाबांना ती ऐकूच येत नव्हती आणि मला कानात सुई टोचल्यासारखी. उपाय: मुख्य लाइनमधून एक सँपल काढून इंटरपोलेशनला द्या, म्हणजे ते कायम १ ते २ मध्ये राहील. एका ओळीचा बदल आहे. ज्यांनी कार्प्लस-स्ट्राँगचं मूळचं दोन सँपलच्या सरासरीचं फिल्टर ठेवलंय त्यांना हा त्रास होत नाही कारण ते ११ किलोहर्ट्झला ०.७०७ वर आणून ठेवतं, सगळं झाकलं जातं. आवाज चमकदार करायला गेलात की पांघरूण निघतं.

आता सूर. हा भाग मला बाबांनी शिकवला म्हटलं तरी चालेल. एका संध्याकाळी ते लॅपटॉपसमोर बसून यमन घोळवत होते, मी बाजूला. दोन-तीन मिनिटं झाली आणि ते थांबले, म्हणाले, "अरे, तुझा पंचम श्वास घेतोय." मी म्हटलं, "बाबा, तो कॉम्प्युटर आहे, तो कसा हलेल?" "हलत नाहीये रे, येतोय जातोय. सहा मोजेपर्यंत फुगतो आणि परत बसतो. ऐक." आणि त्यांनी मांडीवर बोटाने मोजून दाखवलं.

मी हिशेबाला बसलो. १३८.५९ हर्ट्झला लूपचा एकूण डिले हवा ३१८.२०५ सँपल. तेव्हा माझ्याकडे सरासरीचं फिल्टर होतं, त्याचा स्वतःचा डिले अर्धा सँपल, आणि डिले लाइन पूर्णांकात, म्हणून ३१८ अधिक अर्धा म्हणजे ३१८.५. षड्ज १.६ सेंटने उतरलेला (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). मंद्र पंचम षड्जाच्या पाऊणपट, त्याला हवा ४२४.२७३, मिळत होता ४२४.५, तो ०.९ सेंटने उतरलेला. दोन्ही उतरलेले पण सारखे उतरलेले नाहीत. पंचमाचा चौथा हार्मोनिक आणि षड्जाचा तिसरा एकाच जागी पडायला हवेत, इथे एक ४१५.५५ वर आणि दुसरा ४१५.३८ वर. फरक ०.१६ हर्ट्झ, म्हणजे सहा सेकंदांचा बीट (आवाजाचं फुगणं-बसणं). बाबांनी मांडीवर मोजलेले सहा. एका सेंटहूनही कमी फरक, ट्यूनर अॅपवर दोन्ही सूर हिरवे, आणि तरी कानाला तो सापडला कारण तानपुऱ्यात सूर एकमेकांत विरघळायलाच हवेत.

कंट्रोलच्या भाषेत सांगायचं तर गेन सांगतो तार किती वेळ वाजेल, फेज सांगते कुठल्या सुरात वाजेल. लूपची एकूण फेज जिथे पूर्ण चक्कर होते तिथेच सूर. म्हणून सूर ठरवताना नुसती डिले लाइन मोजून चालत नाही, लूपमधल्या प्रत्येक फिल्टरचा त्या फ्रिक्वेन्सीचा फेज डिले वजा करायचा, आणि उरेल तो पूर्णांक अधिक अपूर्णांक असा वाटायचा. त्याच १९८३ साली डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी यासाठी पहिल्या ऑर्डरचं ऑलपास फिल्टर सुचवलं, ते आजही उत्तम आहे: गेन सगळीकडे बरोबर १, म्हणजे फुटायची भीती नाही, फक्त डिले वाढतो. कोइफिशिअंट (फिल्टरमधला गुणक) म्हणजे १ उणे हवा तो अपूर्णांक, भागिले १ अधिक तोच अपूर्णांक. माझ्या षड्जासाठी ३१८.२०५ मधून अर्धा गेला, ३१७.७०५ राहिले, ३१७ लाइनला आणि ०.७०५ ऑलपासला, कोइफिशिअंट ०.१७३. एकच पथ्य, अपूर्णांक फार छोटा येऊ देऊ नका, ०.०५ वगैरे आला तर फिल्टरचा पोल काठाला जाऊन बसतो आणि सगळ्यात वरच्या टोकाला झिणझिण उरते. तसं आलं तर लाइनमधून एक सँपल काढा आणि १.०५ मागा. मी ०.३ ते १.३ अशी चौकट ठेवलीये.

खर्जात हे सेंटमध्ये आहे, वर गेलं की भयानक होतं. याच कोडवरून मी संतूर करायला गेलो तेव्हा ११०८.७३ हर्ट्झला हवे ३९.७७५ सँपल, पूर्णांकात मिळतात ३९.५ नाहीतर ४०.५. एक १२ सेंट चढा, दुसरा ३१ सेंट उतरलेला. आपल्याकडे प्रमाण श्रुती साडेएकवीस सेंटची धरतात, म्हणजे कोडमधल्या राउंडिंगने एका श्रुतीहून जास्त चूक.

वरचे सूर लवकर मरतात त्याचं थोडक्यात. लॉस दर फेरीला लागतो, दर सेकंदाला नाही. ०.९९६ सगळ्या तारांना सारखा ठेवला तर १३८ हर्ट्झची तार साठ डेसिबल उतरायला १२.४ सेकंद घेते आणि ११०८ हर्ट्झची १.५५ सेकंद, कारण तिच्या फेऱ्या आठपट. आधी सेकंद ठरवा, मग लॉस काढा: ६.९०८ ला फ्रिक्वेन्सी गुणिले सेकंद याने भागा, आणि ई चा तेवढा ऋण घात. १२ सेकंद हवे असतील तर षड्जाला ०.९९५९, खर्जाला ०.९९१७. अर्थात खऱ्या वाद्यात वरच्या तारा थोड्या लवकर विझतातच, म्हणून सेकंद सगळ्यांना एकच ठेवू नका, पण तो निर्णय तुम्ही घ्या, कोडला घेऊ देऊ नका.

अजून एक उपाय फार लोक सांगतात तो करू नका असं कळकळीने सांगतो. फुटतंय म्हणून लूपमध्ये टॅन-एच नाहीतर क्लिपर, म्हणजे मोठी किंमत दाबून ठेवणारं काहीतरी, टाकतात. फुटायचं थांबतं, हो. पण लूप अजूनही अस्थिरच असतो, फक्त आता तो वाढत वाढत एका उंचीला जाऊन टिकून राहतो, याला लिमिट सायकल म्हणतात. तार कधीच विझत नाही, तळाला एक सतत भुणभुण राहते. बासरी, सनई, क्लॅरिनेट, गजाने वाजणारी सारंगी किंवा व्हायोलिन, यांच्यासाठी मात्र हेच बरोबर आहे, तिथे मुळात छोट्या आवाजाला गेन १ च्या वर हवा म्हणजे सूर उभा राहील, आणि मोठ्या आवाजाला पत्ती किंवा गज स्वतःच गेन खाली आणतो. मॅकिंटायर, शूमाकर आणि वुडहाउस यांचा १९८३ चा पेपर याच गोष्टीवर आहे, एक नॉनलिनिअर तुकडा आणि एक लिनिअर डिले, दोघांचा फीडबॅक. फुंकायच्या वाद्याला लिमिट सायकल हा प्राण आहे, छेडायच्या वाद्याला तो रोग आहे. आपलं वाद्य कुठल्या जातीचं ते आधी ठरवा.

आता जवारी, म्हणजे घोडीमुळे तानपुऱ्याच्या आवाजाला येणारी ती झंकार, ज्यावर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.

वर सांगितलेलं सगळं नीट केलं की एक चांगली तार मिळते, पण ती गिटारच्या जवळची. तानपुरा नाही. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित गोलाई दिलेला, तार त्यावर टेकत टेकत जाते, आणि खाली सूत सरकवून ती नेमकी कुठून सुटेल ते ठरतं. मी मिरजेला एका सतारमेकरांच्या दुकानात अर्धा दिवस बसून हे बघितलं. त्यांनी घोडीवर कानस दोनदा फिरवली असेल नसेल, तार चढवली, छेडली, मान हलवली, परत उतरवली. मग काळ्या दोऱ्याचा तुकडा तारेखाली घालून नखाने ढकलत गेले, एक केसभर, अजून एक केसभर, आणि एका जागी आवाज असा उघडला की दुकानातलं बोलणं थांबलं. अर्धा मिलिमीटर पण सरकलं नसेल ते सूत.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलंय. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू असेल तो हार्मोनिक आवाजात येत नाही, बरोबर मध्यात छेडलं तर सगळे सम हार्मोनिक गायब. रामन यांना आढळलं की या वाद्यांत ते गायब होत नाहीत. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर टेस्ट आहे, कारण कानावर अवलंबून नाही: मॉडेलची तार बरोबर मध्यात छेडा, स्पेक्ट्रम बघा. दुसरा हार्मोनिक शून्यापासून उठून वर येत असेल तर जवारी चालू आहे. नसेल तर तुम्ही फक्त ट्रेबल वाढवलाय.

पहिला प्रयत्न मी असा केला की तार जेवढी हलते तेवढी घोडीवर जास्त टेकते, म्हणजे लांबी कमी होते, म्हणून डिले म्हणजे मूळ डिले उणे काहीतरी गुणिले आवाजाची अॅबसोल्यूट किंमत. छेडल्यावर दोन सेकंद खरंच जवारीसारखं वाजलं आणि तिसऱ्या सेकंदाला फुटलं. लूप उघडून गेन बघितला तर कुठेही १ च्या वर नाही. इथे वर सांगितलेली पद्धत संपते, कारण ती लिनिअर आणि न बदलणाऱ्या लूपसाठी आहे, आणि हा लूप दर सँपलला बदलतोय. झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवताना आपण काय करतो, मध्यातून जाताना उभे राहतो, टोकाला गेलं की बसतो, म्हणजे एका झोक्यात दोनदा. कोणी ढकलत नाही तरी झोका चढतो. अॅबसोल्यूट किंमत घेतली की डिलेही एका कंपनात दोनदाच बदलतो, बरोबर त्याच ठेक्यात, आणि तारेत ऊर्जा भरत राहतो. खऱ्या तानपुऱ्यात घोडी फक्त खालच्या बाजूला आहे, तार एका कंपनात एकदाच टेकते. आणि टेकताना घोडी तारेला फुकटची ऊर्जा देत नाही, जेवढी दाबली जाते तेवढीच परत करते किंवा थोडी खाते.

म्हणून इथे कंट्रोलचं दुसरं हत्यार काढावं लागतं, ल्यापुनोव्हची पद्धत. गेन सोडा, ऊर्जा मोजा. तारेतली ऊर्जा, म्हणजे हालचालीची, ताणाची आणि घोडीवर दाबली गेल्याची, या सगळ्यांची बेरीज दर सँपलला काढा. छेड संपल्यावर ही बेरीज एकदाही वाढता कामा नये. एकदाही वाढली तर मॉडेलमध्ये गळती उलटी आहे, आज नाही तर उद्या फुटेल.

हे पाळायचं तर डिले हलवायचा नाद सोडावा लागतो. मी आता तार छोट्या तुकड्यांत मोडलीये आणि घोडीच्या माथ्याखाली तार गेली की तिला वर ढकलणारी कडक स्प्रिंग लावलीये. साधी स्प्रिंग आणि साधी पुढची पायरी मोजायची पद्धत घेतली तर परत तेच, संपर्काची स्वतःची फ्रिक्वेन्सी सँपल रेट भागिले पाय, म्हणजे ४४१०० ला १४ किलोहर्ट्झच्या वर गेली की हिशेब फुटतो, आणि घोडी तर चांगली कडक हवी, पूर्वी हस्तिदंती असायची, आता हाडाची वगैरे असते ती, रबराची नाही. मार्ग असा की बल हे या सँपलच्या जागेवरून काढायचं नाही, मागच्या आणि पुढच्या जागेच्या ऊर्जेतल्या फरकाला जागांच्या फरकाने भागून काढायचं. मग पुढची जागा दोन्हीकडे येते, दर सँपलला न्यूटनच्या पद्धतीच्या (अंदाज सुधारत उत्तर काढायच्या) तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात, प्रोसेसरला काम पडतं. पण ऊर्जेचा हिशेब रुपया-पैशासारखा जुळतो: साठलेली अधिक गमावलेली, बरोबर छेडताना दिलेली. मी टॉलरन्स घट्ट ठेवून बघितलं, दहाव्या दशांशापर्यंत फरक नाही, आणि स्प्रिंग कितीही कडक केली तरी फुटत नाही. सुताची जागा केसभर सरकवली की आवाज उघडतो आणि मिटतो, मिरजेला ऐकला तसा. मध्यात छेडल्यावर दुसरा हार्मोनिक पहिल्या अर्ध्या सेकंदात उठतो.

प्युअर डेटा (आवाजाचं प्रोग्रॅमिंग करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. तिथे फीडबॅक लूपला किमान एका ब्लॉकचा डिले लागतोच, ब्लॉक ६४ सँपलचा, म्हणजे ६८९ हर्ट्झच्या वरचा सूर लागणारच नाही, कोइफिशिअंट कितीही बरोबर असले तरी. लूप वेगळ्या सबपॅचमध्ये घ्या आणि त्याचा ब्लॉक १ करा.

शेवटचा त्रास मणी सरकवताना यायचा. तार वाजत असताना सूर बारीक मिळवायचा तर ऑलपासचा कोइफिशिअंट चालू असताना बदलावा लागतो, आणि तो बदलला की टिकटिक आवाज. कारण साध्या मांडणीत फिल्टरच्या पोटात साठलेली किंमत जुन्या कोइफिशिअंटच्या हिशेबाची असते, नवीन आला की तीच किंमत वेगळ्या ऊर्जेची ठरते, म्हणजे परत ऊर्जा आकाशातून पडली. हेच ऑलपास नॉर्मलाइज्ड लॅडर मांडणीत लिहा, तिथे दर सँपलला दोन किमती एका कोनातून फक्त फिरतात, साइन-कोसाइनने, त्यामुळे कोन मध्येच बदलला तरी लांबी तीच राहते. दोन गुणाकारांऐवजी चार लागतात, तेवढंच. सूर म्हणून कोइफिशिअंट तोच, बदलतो तो फक्त आतला हिशेब. मी हे टाकलं आणि बाबांच्या हातात माउस दिला. त्यांनी जोडाची दुसरी तार वाजत असतानाच मणी खाली-वर केला, बीट मंद होत गेला, आठ सेकंद, पंधरा सेकंद, मग बंद, आणि त्यांनी माउस सोडून डोळे मिटले आणि सा लावला.